आधी घास, मग पाऊल

ओढाताण

त्या काळात आमच्या घरी सकाळ झाली की समृद्धीला तिघं जण तीन बाजूंना ओढायचे. माझी आई, जिला आम्ही घरात बाई म्हणतो, ती समृद्धीला तेल लावून अंगणातल्या दोन आडव्या बांबूंच्या मधे उभी करायची. ते बांबू मीच बांधून दिले होते. बाईचं झालं की माझी बायको वर्षा तिला मांडीवर घ्यायची, तोंडासमोर तोंड आणायची आणि "म्हण, आ... ई" असं म्हणत राहायची. संध्याकाळी मिलमधून मी आलो की अक्षरांची रंगीत कार्डं काढायचो. समृद्धी तेव्हा चार वर्षांची होती. मान सावरताना तिला घाम यायचा. कोणी उचललं की हातपाय लाकडासारखे ताठ व्हायचे. शेवटी शेवटी तर आमच्यापैकी कोणीही जवळ आलं, की ती आधीच रडायला लागायची.

आणि एवढं करून दर काही आठवड्यांनी तिची छाती भरायची. ताप, घरघर, ओठ काळसर. मग शेजाऱ्याची गाडी, तुमसर, तिथून भंडारा, भरती, सलाईन, वाफ, सुट्टी. घरी आलो की बांबू, "आ... ई", कार्डं. पुन्हा छाती भरायची. वर्षानं माहेरच्या लग्नांना जाणं सोडलं. मिलचा मालक भला माणूस, पण रजा मागायला गेलो की तो माझ्याकडे न बघता मान हलवायचा, ते मला जास्त लागायचं. घरात आम्ही एकमेकांशी समृद्धीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नव्हतो, आणि समृद्धीवर बोललो की भांडत होतो.

आमचं गाव बपेऱ्याच्या बाजूचं. मध्य प्रदेशची हद्द इतकी जवळ, की गावातल्या अर्ध्या सुना तिकडच्या आहेत. मी राइस मिलमध्ये सुपरवायझर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन बी.ए. झालेला मी पहिला माणूस. हे मी कुठंही सांगतो आणि सांगताना खाली बघत नाही. हे लिहितोय ते मात्र शहाणपण मिरवायला नाही. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे आणि ज्यांना सगळंच एकदम हवं आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. आम्हालाही सगळंच एकदम हवं होतं.

नाव कळलं तो दिवस

समृद्धी जन्मली तेव्हा उशिरा रडली. एवढंच आम्हाला सांगण्यात आलं होतं. दीड वर्षाची झाली तरी मान धरत नव्हती, तेव्हा आम्ही तिघं तिला घेऊन भंडाऱ्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला तपासलं, पाय वाकवून पाहिले, डोळ्यांपुढे खेळणं फिरवलं. मग खुर्ची जवळ ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा बातमी चांगली नसते, हे मला त्या दिवशी कळलं.

"याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात," ते म्हणाले. "जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली आहे. ती इजा भरून निघणार नाही, पण वाढणारही नाही. मुलगी शिकेल. तिच्या गतीनं शिकेल. थेरपी सुरू करा."

बाई एकदम म्हणाली, "मंग चालन कधी?"

"आत्ता सांगता येणार नाही, आजी."

डॉक्टर पुढे बरंच बोलले. मी बी.ए. झालेला माणूस, पण मलाही त्यातलं काही आठवत नाही. आम्ही तिघं बाहेर आलो ते बाईचा तो एकच प्रश्न घेऊन. वर्षा स्टँडच्या बाकावर बसली आणि हळूच मला विचारलं, "पोटात होती तवा माझं काई चुकलं का?" मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाले तुझं काही चुकलं नाही." डॉक्टर तसं म्हणाले होते की नाही, मला खरंच आठवत नव्हतं. पण ते खरं होतं, हे मी नंतर दुसऱ्या डॉक्टरांना विचारून घेतलं.

तेवढ्यात बाई कुठं दिसेना. शोधायला निघालो तर ती बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून येताना दिसली. पदरात एक लहान पितळी घंटा होती.

"हे कायले?" मी विचारलं.

"मातामायले बोलली मी," बाई म्हणाली. "समू आपल्या पायानं चालत येईन अन् आपल्या हातानं हे घंटा बांधन."

मातामाय म्हणजे आमच्या गावच्या शिवेवरची देवी. लिंबाखाली शेंदूर लावलेला दगड आहे, वर पत्र्याचं छप्पर. आमच्याकडे लेकराचं दुखणं आधी तिला सांगतात. बाईनं ती घंटा फडक्यात गुंडाळून देवाजवळ ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अंगनात दोन बांबू बांधून दे."

भरतीचे दिवस

दवाखान्यात दिवस कसा जातो ते ज्यांनी असे दिवस काढले त्यांना सांगायला नको. सकाळी राउंड. राउंडच्या आधी सिस्टर येऊन खाटेवरच्या पिशव्या खाली ठेवायला लावतात. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तेव्हा आई-बाप दोघं श्वास रोखून धरतात, जणू आपल्या श्वासाचा आवाज मधे येईल. मग वाफ. वाफेचा मास्क समृद्धीला अजिबात आवडायचा नाही. तो तोंडावर धरायला एक जण आणि तिचे हात धरायला एक जण लागायचा. दुपारी सगळा वॉर्ड झोपायचा आणि वर्षा खिडकीतून कपडे वाळले का ते बघत बसायची.

एकदा शेजारच्या खाटेवर गोसीखुर्दकडची एक बाई होती. धरणात त्यांचं जुनं गाव गेलेलं, आता नव्या वसाहतीत राहायचे, नवरा मासे धरायचा. तो डब्यात झिंग्यांचा रस्सा आणि भात घेऊन यायचा आणि ती बाई वर्षाला बळेच अर्धा द्यायची. "खाय वो, तू पडशील त पोरीले कोन पायन?" वर्षा रडत रडत जेवायची. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

भीती मात्र दर भरतीला वाढायची. पहिल्या वेळी वाटलं, ताप आहे, उतरेल. नंतर नंतर तिला ऑक्सिजन लावला की मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन भिंतीला हात लावून उभा राहायचो. एका तरुण डॉक्टरांनी मला तिथंच गाठून सांगितलं, "दर वेळी फुप्फुसाला थोडं नुकसान होतंय. हे असंच चाललं तर कधीतरी आमच्या हातात राहणार नाही." ते मी घरी कोणालाच सांगितलं नाही. त्याचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

सुट्टी होऊन घरी आलो की बाई पेज करायची. आमचा धानाचा मुलूख. इथं दुखण्यातून उठलेल्या माणसाला पहिली दिली जाते ती पेज. मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात शिजवायचे, मीठ टाकायचं, आणि वरचं पातळ पाणी पाजायचं. ती अंगी लागते, तिनं ताकद येते, असं आम्ही सगळेच मानतो. बाई पाय पसरून बसायची, समृद्धीला पायांवर उताणी घ्यायची आणि चमच्यानं पेज घशात सोडायची. समृद्धी खोकायची. बाई पाठ थोपटायची, "मोठी हो, मोठी हो" म्हणायची आणि पुढचा चमचा द्यायची. या घरातल्या प्रत्येक लेकराला असंच पाजलेलं होतं. मलासुद्धा.

प्रत्येकानं एकच सांगा

भंडाऱ्याला लहान मुलांच्या थेरपीचं केंद्र आहे. तिथल्या मॅडम आमच्याच वयाच्या असतील. आम्ही आधी बरेचदा जाऊन आलो होतो, पण एका भरतीनंतर गेलो तेव्हा त्यांनी समृद्धीला हात न लावता आम्हाला तिघांना समोर बसवलं.

"पुढच्या सहा महिन्यांत समृद्धीला काय यावं असं वाटतं? प्रत्येकानं एकच सांगा. एकच."

बाई लगेच म्हणाली, "चालनं."

वर्षा म्हणाली, "मले आई म्हणावं."

मी म्हणालो, "तिनं स्वतःचं नाव लिहावं. शाळेत तिचं नाव घातलं तर कोणी नाही म्हणू नये."

मॅडम म्हणाल्या, "बरं. आता मी विचारते. ती एक जेवण किती वेळ जेवते?"

"लय वेळ लागते," वर्षा म्हणाली. "अर्धं सांडते."

"खोकते?"

"खोकते. पोरं खोकतेच ना."

"जेवताना खोकते की नंतर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जेवताना खोकायची. पाणी पिताना तर हमखास.

मॅडमनी भरतीचे कागद बाजूला सारले. "हे सगळे न्यूमोनिया हवेतून आलेले नाहीत असं मला वाटतं. तिचं अन्न आणि पाणी श्वासनळीत जातंय, पातळ असलं आणि आडवी ठेवून पाजलं की जास्तच. गिळण्याचे स्नायूही ताठ आहेत तिचे. डॉक्टरांशी बोलू आपण, तपासणी करू. पण मला तुम्हाला दुसरं विचारायचंय. चालणं, बोलणं, लिहिणं, जेवणं. ही सगळी मी एकदम धरली तर एकही नीट होणार नाही. ती दमते. तुम्हीही दमलेले दिसता. यातलं आधी कोणतं?"

"तुम्हीच सांगा ना, मॅडम," मी म्हणालो. "तुमचं शिक्षण त्यातलंच आहे."

"माझं मत मी सांगितलं. पण ठरवायचं तुम्ही. माझ्याकडे ती आठवड्यातून एकदा येते. बाकी सगळे दिवस तुमच्याजवळ असते. तुमचं मन नसेल तर घरी ते होणारच नाही."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. लोकांची पोरं कविता म्हणतात, सायकल चालवतात. मी एवढा शिकलेला बाप, आणि माझ्या मुलीचं ध्येय काय, तर गिळणं? मी मॅडमना तसं बोललोसुद्धा. "जेवण हे काय ध्येय झालं?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "नाव लिहायला ती असायला पाहिजे."

वॉर्डाबाहेर त्या तरुण डॉक्टरांनी जे सांगितलं होतं आणि जे मी एकट्यानं पोटात ठेवलं होतं, ते तेव्हा पहिल्यांदा वर्षासमोर आणि बाईसमोर माझ्या तोंडून बाहेर पडलं. वर्षानं समृद्धीला छातीशी घट्ट धरलं. परतीच्या एसटीत बसण्याआधीच आमच्या दोघांचं ठरलं. बाकी सगळं मागं. आधी घास.

बाईचं मात्र ठरलं नव्हतं.

मातामायला दिलेला शब्द

"पेज बंद करा म्हनते ते मॅडम?" घरी आल्यावर बाई चुलीसमोर उभी राहून म्हणाली. "अन् दुखन्यातल्या लेकराले का द्याचं? दगड?"

"घट्ट द्यायचं. बसवून द्यायचं. पातळ नाही."

"तू याच पेजेवर वाढला, राजू."

"माझा घसा चांगला होता, बाई."

"अन् बांबू?"

"बांबू सध्या नाही. पाय ताठ होऊ नयेत म्हणून मॅडमनी दिलेला व्यायाम करू. उभं करणं सध्या बंद. त्यात ती इतकी दमते, की नंतर गिळता येत नाही तिला."

बाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मी मातामायले चालनं मांगलं. घंटा घरात आहे. आता तुमी म्हनता चालनं नको. देवीले का सांगू? शिकलेल्या लोकाइचं मन फिरलं म्हनून?"

कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकलो होतो, पण देवीला दिलेला शब्द त्यात बसत नाही. वर्षा म्हणाली, "बाई, तुमी हट्ट नका करू." बाई म्हणाली, "माह्या नातीसाठी हट्ट नाई करू त कोनासाठी करू?" त्या दिवसापासून दोघी एकाच स्वयंपाकघरात एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "तुझ्या बाईले सांग, दूध उतू जाऊन राहिलं." "तिले सांग, मले दिसते."

धानाच्या कापणीचे दिवस आले. वर्षा बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात जायची, मी मिलमध्ये. घरी बाई आणि समृद्धी. बाई तिला बांबूत उभी करतच होती, आणि दमलेल्या लेकराला पेजही पाजतच होती. तिच्या दृष्टीनं ती नातीला दोन्ही गोष्टी देत होती, पाय आणि ताकद. एका दुपारी शेजारच्या पोरानं मिलमध्ये फोन केला. समृद्धीला खोकल्याची उबळ आली होती आणि ती निळी पडली होती.

बाई आमच्यासोबत गाडीत बसली. भंडाऱ्याला पोहोचेपर्यंत तिनं समृद्धीचा एक पाय हातात धरून ठेवला होता.

एक घोट

ती भरती सगळ्यात वाईट होती. पण समृद्धी त्यातून बाहेर आली. सुट्टी व्हायच्या आधी थेरपीच्या मॅडम वॉर्डात आल्या. मी बाईबद्दल काही सांगू नये असं ठरवून गप्प होतो. बाईनं स्वतःच सांगितलं. "मी उभी केली. मी पेज पाजली. आता का म्हनाचं ते म्हना."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या डब्यातली पेज वाटीत घेतली. "आजी, तुम्ही इथं खाटेवर आडव्या होता का? मान थोडी मागं."

"मी कायले?"

"समृद्धी जशी असते तशा."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया बघायला लागल्या. बाईनं पदर सावरला, आडवी झाली, मान मागं टाकली. मॅडमनी एक चमचा पेज तिच्या तोंडात सोडली.

"गिळा."

बाईला ठसका लागला. ती उठून बसली, डोळ्यांतून पाणी. "अवो बाप्पा, मारता का मले?"

कोपऱ्यातली एक बाई हसली. मग सगळा वॉर्ड हसला. बाईसुद्धा खोकता खोकता हसली.

"तुमचा घसा धडधाकट आहे, म्हणून तुम्ही खोकून बाहेर काढलं," मॅडम म्हणाल्या. "तिला नीट खोकताही येत नाही. आता बसा. मान थोडी खाली. हा घट्ट भात घ्या."

बाईनं बसून घास घेतला. गिळला. काहीच झालं नाही. तिनं वाटी खाली ठेवली आणि वर्षाला, सरळ वर्षाला म्हणाली, "त हे पोरगी इतके दिस असंच सहन करून राहिली का वो?"

वर्षा तिच्याजवळ जाऊन बसली.

बाईचं देवीशी बोलणं

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई मातामायकडे निघाली. मी म्हणालो, "मी येतो." ती म्हणाली, "ये. पन मधात बोलू नको."

लिंबाखाली बसून तिनं आधी दिवा लावला, घंटा फडक्यातून काढली आणि देवीसमोर ठेवली. शेजारणीशी बोलावं तशी बोलायला लागली.

"माय, मी तुले चालनं मांगलं होतं. माह्या मनानं मांगलं. लेकराले इचारलं नाई. आता असं कर, चालनं राहू दे तुह्याजवळ. ठेव सांभाळून. आधी तिले जेवू दे. घास सुखानं उतरू दे. घंटा तेच आहे, फक्त काम बदललं. चालत येईन असं म्हनली होती, आता मी तिले कडेवर आनन. तुले चालते ना?"

लिंबाचं एक पान खाली पडलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "हाव म्हनते."

मी तिथं उभा राहून विचार करत होतो, की मॅडमनी आम्हाला जो प्रश्न विचारला होता तोच बाईनं देवीपुढे सोडवला. काय आधी आणि काय नंतर. आणि तिनं तो माझ्यापेक्षा बऱ्या मनानं सोडवला. मी रागात मान्य केलं होतं, ती हक्कानं बोलून मोकळी झाली. घरी येऊन तिनं बांबू सोडले आणि वेलाच्या मांडवाला लावले. त्यावर वाल चढला.

घास सुखानं उतरायला लागल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, तिनं घंटा बांधली, समृद्धीला कडेवर घेऊन, तिच्या मुठीवर आपला हात ठेवून.

घास भरवण्याचं काम

भरवायचं काम मी घेतलं. सकाळचं आणि संध्याकाळचं. आमच्याकडे लेकराला भरवणं हे बायकांचं काम समजतात, आणि गावात लपून काही राहत नाही. मिलमध्ये शालिक नावाचा माझा जुना मित्र आहे. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "का हो साहेब, बी.ए. झाल्यावर आता भात कुस्करायची डिग्री घेऊन राहिले म्हनते?"

"हाव. अन् तुले जमनार नाई, शालक्या. इथं नापास झालं त पोरगी दवाखान्यात जाते."

तो चपापला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "खरंच इतकं अवघड आहे?" मी त्याला घरी नेऊन दाखवलं. त्याच शालिकनं त्याच्या मेहुण्याकडून, जो सुतारकाम करतो, समृद्धीसाठी कोपऱ्यासारखी पाठ असलेली खुर्ची करून आणली. मापं मॅडमनी दिली होती. पाठ सरळ, पाय फळीवर टेकलेले, कमरेला पट्टा, पुढे ताट ठेवायला फळी.

भरवायला शिकणं म्हणजे मुख्यतः थांबायला शिकणं आहे. मी समोर बसतो, तिच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे तिची मान वर जात नाही. वरणात कालवून घट्ट मऊ केलेला भात, कुस्करलेलं केळं, घट्ट दही. घास लहान. तो उतरला हे बघायचं, मगच दुसरा. घाई असली की हे होत नाही, आणि माझ्या स्वभावात घाई आहे. पहिले कित्येक दिवस मी घास घेऊन बसायचो आणि मनात मिलचे ट्रक मोजत असायचो. समृद्धीला ते कळायचं. ती ओठ मिटून घ्यायची.

हे आमच्या मुलीचं आहे. तुमच्या लेकराचं वेगळं असेल. कोणाला पातळच चालतं, कोणाला नळीनं द्यावं लागतं. माझं वाचून घरी काही बदलू नका. तुमच्या डॉक्टरांना आणि थेरपीवाल्यांना तुमचं लेकरू जेवताना दाखवा. जेवताना, हे महत्त्वाचं. आम्ही इतकी वर्षं तिला सगळ्यांना दाखवली, पण जेवताना कोणाला दाखवलीच नव्हती.

मागं ठेवलेलं

सगळ्यात जड गेलं ते वर्षाला. बाईनं चालणं मागं ठेवलं, मी नाव लिहिणं मागं ठेवलं. एक दिवस कपडे घड्या घालताना ती म्हणाली, "अन् मी? आई म्हणनं मी पण सोडून देऊ?"

"सोडायचं नाही. मागं ठेवायचं."

"त्यात का फरक आहे?"

तिच्या मनाची समजूत घालायला मी काहीतरी म्हणू शकलो असतो, पण ते तिला कळलं असतं. पुढच्या वेळी केंद्रात गेलो तेव्हा तिनं मॅडमना तेच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "जेवताना समृद्धी तुम्हाला काही सांगते का?"

"ओठ मिटून घेते."

"म्हणजे काय?"

"पुरे म्हणते."

"मग ती बोलतेच आहे. आपण ते मोठं करू."

दुसरं ध्येय म्हणून आम्ही तेच घेतलं. तोंड फिरवलं की पुरे. आम्ही लगेच थांबायचो, एक घाससुद्धा जास्त नाही, पोट रिकामं वाटलं तरी. बाईला हे फार कठीण जायचं. "दोनच घास अजून, माह्यासाठी." वर्षा म्हणायची, "बाई, ती नाई म्हणते ना." आणि बाई हात मागं घ्यायची. आपण नाही म्हटलं की माणसं खरंच थांबतात, हे समृद्धीला कळलं, आणि तिचं रडणं कमी झालं. कोणी उचलायला गेलं तरी ती आता ताठ होत नाही. मग दोन वाट्या समोर धरून हवं ते बघायला शिकवलं. दही की केळं. ती केळ्याकडे बघते. जवळजवळ नेहमी केळ्याकडे.

वर्षा अजूनही तिच्या तोंडासमोर तोंड आणून बोलते. पण आता ती "म्हण" म्हणत नाही.

आज

समृद्धी आता सहा वर्षांची आहे. ती चालत नाही. बोलत नाही. तिचं नाव मी आमच्या गावच्या शाळेत घातलं आहे, गुरुजींनी नाही म्हटलं नाही, आणि मधल्या सुट्टीत वर्षा जाऊन तिला भरवून येते. नाव लिहिणं अजून यादीत आहे, खूप खाली. त्याची मला लाज वाटत नाही.

आम्ही आधी जे धरलं ते झालं. समृद्धी खुर्चीत बसून आमच्यासोबत जेवते, खोकत नाही, पोट भरलं की तोंड फिरवते. तिचं वजन वाढलं आहे. मागचा पूर्ण पावसाळा आणि हिवाळा गेला, छाती भरून तिला एकदाही भरती करावं लागलं नाही.